बिननावाचा महिना

"मुलाचं नाव सांगा, मी पुकारते," काउंटरवरची मुलगी माइक तोंडाशी धरून म्हणाली, आणि यीरोंगचं तोंड उघडलं ते तसंच उघडं राहिलं. नाव आठवत नव्हतं असं नाही. जिभेच्या शेंड्यावर होतं. नवऱ्याशी वाद घालघालून तिनेच ठेवलेलं नाव, रोज घरात शंभरदा घेतलं जाणारं. पण शेंड्यावरून ते पुढे सरकेना. सुपरमार्केटमधली हवा गारठलेली होती. काउंटरच्या मागे बिस्किटांच्या पुड्यांचा डोंगर रचला होता आणि त्यावर लाल कागद डकवला होता: सातव्या महिन्याच्या नैवेद्यासाठी खास सवलत. मुलगी पुन्हा म्हणाली, "बाई, नाव?" आणि तेवढ्यात आइस्क्रीमच्या पेटीमागून मुलगा आपणहून बाहेर आला. दोन्ही तळवे गारठ्याने लालबुंद झालेले. "आई, तिकडे मासे झोपलेत," तो म्हणाला. एवढंच झालं. कोणाच्याही बाबतीत होतं. मुलगी हसली, माइक खाली ठेवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. यीरोंगने मुलाला उचललं, त्याचे गार हात आपल्या मानेत खुपसून घेतले, आणि घरी आल्यावर न्हाणीघराचं दार लावून, आरशासमोर उभं राहून तोंड तसंच उघडून पाहिलं. ते तिचं तोंड नव्हतंच. तिच्या आईचं होतं.

आज रविवार होता आणि मुलाचा हात धरून ती नदीकाठच्या बागेतून चालली होती. खांद्यावर त्याच्या कपड्यांची पिशवी. उद्यापासून तिला कामावर जायचं होतं, आणि उद्यापासून मुलगा आठवडाभर तिच्या आईकडे राहणार होता, बागेपलीकडे, पुराच्या भिंतीच्याही पलीकडे, नदीला चिकटलेल्या त्या गावात. असं ठरलं होतं. म्हणजे बोशेनने, तिच्या नवऱ्याने, फोनवर ठरवून टाकलं होतं आणि तिने नाही म्हटलं नव्हतं. बालवाडीच्या सोडतीत यांचा नंबर लागला नव्हता. सासूबाई दूर दक्षिणेत गुडघे धरून बसलेल्या. बोशेन स्वतः संगणकाच्या चिपांच्या कारखान्यात, दुसऱ्या शहरात; शनिवारी रात्री येऊन पडायचा तो रविवारी दुपारी उठायचा. आणि प्रयोगशाळेत तिच्या वरिष्ठ बाईंनी गोड आवाजात सांगितलं होतं की रजा आणखी वाढवली तर तिच्या टेबलावर दुसरं कोणीतरी बसेल. "तुझी सख्खी आई आहे ती, कोणी परकी थोडीच आहे," बोशेन म्हणाला होता. परकी असती तर बरं झालं असतं. परक्या बाईला विचारता येतं, मूल पाण्याकडे धावलं तर तुम्ही काय करता हो? आईला कसं विचारायचं, विशेषतः उत्तर आपण डोळ्यांनी पाहिलेलं असताना?

ऊन असं की सावलीसुद्धा भाजत होती. गुलमोहराखाली पडलेल्या पाकळ्या वाळून चामड्यासारख्या झालेल्या. झाडांवरचे किडे करवत चालवल्यासारखे ओरडत होते आणि मध्येच सगळे एकदम थांबत, जणू कोणीतरी त्यांच्यावर डोळे वटारले. मग त्या शांततेत पाण्याचा वास यायचा. वडाच्या पारंब्यांखाली म्हातारे गंजिफ्रॉक वर सरकवून, पोटं उघडी टाकून बुद्धिबळ खेळत बसले होते. यीरोंगचे डोळे मुलाच्या आधी सगळीकडे जाऊन येत: घसरगुंडीचा पत्रा तापलाय, झोपाळ्याची साखळी गंजलीय, सायकलवाला कानात काहीतरी खुपसून येतोय, तळ्याच्या कडेला कठडा आहे पण खालची फट मुलाच्या डोक्याएवढी आहे. तिला हे आवडत नव्हतं. कॉलेजात असताना ती अशी नव्हती. मैत्रिणींबरोबर समुद्रावर जायची, लाटेत पाठीवर पडायची. मूल झालं आणि जगाला कडाच कडा फुटल्या. आजीला तो आमा म्हणायचा. मुलगा हात ओढत म्हणाला, "आमा मला आज काय म्हणेल?"

"काय म्हणेल म्हणजे?"

"गेल्या वेळी आमा मला भोपळा म्हणाली. मग मांजर म्हणाली. मग जेवताना बादली म्हणाली."

"मग तू काय केलंस?"

"मला वाटलं ती बादलीलाच बोलावतेय," तो म्हणाला. "मी बादली नेऊन दिली."

एरवी ती हसली असती. हसलीसुद्धा, पण हसू घशातच वाळलं. पंचांगातल्या या सातव्या महिन्यात पाताळाचे दरवाजे उघडतात, तिथले उपाशी जीव वर येतात, आणि त्यांना भूत न म्हणता 'भले भाऊ' म्हणायचं, हे इथल्या कोणालाही शिकवावं लागत नाही. वाळत घातलेले कपडे सूर्य बुडायच्या आत काढायचे, रस्त्यात कोणाच्या खांद्यावर थाप मारायची नाही, आणि पाण्याकाठी तर कोणाचं नाव घ्यायचंच नाही. पाण्यात बुडून मेलेला जीव आपल्या जागी दुसरा मिळाल्याशिवाय सुटत नाही. त्याला नाव कळलं की तो त्या नावाने हाक मारतो. बहुतेक घरांत या महिन्यापुरतं लाडाचं नाव वापरतात आणि वेळ भागवतात. तिच्या आईला तेवढ्याने भागत नसे. लाडाचं नावही पाणी शिकतं म्हणे. म्हणून रोज नवं. आज भोपळा तर उद्या झाडू. यीरोंग लहान असताना कधी चप्पल होती, कधी मुळा, कधी नुसतंच 'ए.' शाळेत ती ही गोष्ट रंगवून सांगायची, मुली लोळून हसायच्या. कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही की हे हसू कुठे थांबतं.

ते थांबतं जुन्या नावेच्या उतारावर. पूल व्हायच्या आधी तिथून पलीकडे होडी जायची. दगडी उतार सरळ पाण्यात शिरतो, त्यावर शेवाळ. ती सहा वर्षांची होती. असाच उन्हाळा, असाच महिना, वर डोंगरात कुठेतरी पाऊस झालेला आणि इथे डोक्यावर लख्ख ऊन. मुलं घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती. पाणी घोट्यावरून पोटरीला आलं तेव्हा सगळी ओरडत काठाला पळाली, आणि ती पळाली नाही, कारण तिच्या पायाखालचा दगड हलत होता आणि तिला त्याची गंमत वाटत होती. मग दगड राहिला नाही. पाणी गार नव्हतं, हे तिला अजून आठवतं. अंगाच्या तापाएवढंच कोमट होतं, त्यामुळे आपण कुठे संपतो ते कळेना. एकदा ती वर आली आणि उताराच्या माथ्यावर आई दिसली. हातात कोथिंबिरीची जुडी. आईचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं. आवाज नाही. यीरोंगला तेव्हा वाटलं, आता आई माझं नाव घेईल आणि मग मी जाईन. नाव घेतल्याशिवाय जायचं कसं? बाकीच्या मुलींना सोडून मलाच बोलावतेय हे कळणार कसं? आई तोंडाची उघडझाप करत राहिली आणि पुढचं पाणी डोळ्यांवर आलं. मग जाळं टाकणाऱ्या कोणा म्हाताऱ्याने तिला केसांना धरून ओढलं, डोक्यावर त्याच्या बोटांएवढी जागा बरेच दिवस दुखत होती. घरी आल्यावर आईने तिला आल्याचं कढत पाणी पाजलं, अंग पुसलं, आणि त्या दिवसाबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. दोघी एकाच घरात राहिल्या, भांडल्या, लग्नाला एकत्र रडल्या, बाळंतपणात आईने महिनाभर कोंबडीचा रस्सा करून घातला. आणि या सगळ्याच्या खाली ते तोंड उघडत-मिटत राहिलं. तिने आपल्याला घालवायचं ठरवलं पण नियम मोडला नाही, असं वाक्य यीरोंगच्या मनात एकदा कॉलेजात असताना तयार झालं होतं. तयार झालेलं वाक्य मोडता येत नाही. बोशेनलाही तिने ते सांगितलं नव्हतं.

पुराच्या भिंतीतल्या दरवाज्यातून आत शिरल्याबरोबर अगरबत्त्यांचा धूर नाकात शिरला. आज गावाचा नैवेद्य. गल्लीभर घराघरांसमोर टेबलं मांडलेली, त्यांवर कोंबड्या, तळलेले मासे, अननस, बिअरचे डबे, बिस्किटांचे पुडे, आणि प्रत्येक टेबलाखाली एका नव्या तसराळ्यात पाणी आणि कोरा टॉवेल, भल्या भावांना तोंड धुवायला. आई शेवटच्या घरासमोर उभी राहून बिस्किटांचे पुडे सरळ करत होती. आई बुटकी, गोल, डोक्याला फुलाफुलांची टोपी, हातांना उन्हासाठी घातलेल्या बाह्या. मुलाला पाहताच तिने दोन्ही हात पसरले.

"ए काकडी! आली का माझी काकडी!"

मुलाने वळून मागे पाहिलं, काकडी कुठे आहे ते.

"बघितलंस?" यीरोंग म्हणाली. "त्याला कळतच नाही तू कोणाला बोलावतेस ते."

"कळायला नकोच आहे," आई खुशीत म्हणाली. "त्याला कळलं तर त्यांनाही कळेल."

शेजारच्या टेबलाशी लाईकाकू होत्या, आईच्या वयाच्या, दातांत लवंगेची काडी धरलेल्या. "शहरातून आलेल्या पाहुण्यांनी तरी तोंड वाकडं करू नये," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे म्हणे आता नैवेद्य मोबाइलवर देतात. भाऊ बिचारे बोटाने ढकलत बसत असतील."

"काकू, आमच्याकडे जागाच नाही टेबल मांडायला."

"जागा नाही, वेळ नाही, मूल सांभाळायला माणूस नाही. मग आई आठवते." हे लाईकाकू हसत म्हणाल्या आणि आई पुडे सरळ करत राहिली, जे आधीच सरळ होते.

पुढचं सगळं यीरोंग आईकडे पाहत होती म्हणून घडलं. तिने सकाळीच मनाशी ठरवलं होतं, आज आईवर पाळत ठेवायची: मुलाकडे तिची नजर कितीदा जाते, पाठ किती वेळ फिरलेली असते, गुडघा अजून किती चालतो. एखाद्या बाटलीतल्या द्रावाचा रंग बदलतोय का ते पाहावं तसं ती पाहत होती. आईच्या मानेवर घामाचा ओघळ. आईचा अंगठा वाकडा झालाय, तो कधी झाला? आई कोंबडीच्या चोचीत कांद्याची पात खोवतेय. चेहऱ्यावर लहान मुलीसारखी एकाग्रता. आणि मग यीरोंगला जाणवलं की आपल्या डाव्या हाताला कोणाचा हात लागत नाहीये. तिने वळून पाहिलं. गल्ली जिथे संपते तिथे तोच उतार सुरू होत होता, आणि उतारावर, बऱ्याच खाली, मुलाची निळी टोपी उड्या मारत चालली होती. एक बगळा पाण्याच्या कडेला उभा होता. मुलगा हात पुढे करून त्याच्याकडे निघाला होता. शेवाळ उन्हात हिरवंगार चमकत होतं. नाव जिभेच्या शेंड्यावर आलं आणि अडलं, त्याच ठिकाणी, सुपरमार्केटमध्ये अडलं होतं तिथेच. क्षणभर तिला वाटलं, संपलं, मीही तशीच. आणि मग ते फाडून बाहेर पडलं.

"लुओ मिंग-शुआन!"

आडनावासकट. टणक अक्षरं, दगडावर दगड आपटावेत तशी. पलीकडच्या भिंतीवर आदळून ती परत आली. मुलगा जागच्या जागी थांबला. एक पाय शेवाळावर, एक कोरड्या दगडावर. बगळा उडाला. गल्लीतले सगळे आवाज बंद झाले. कोणाच्या तरी हातातून चमचा पडला तो गोल गोल फिरत राहिला. आणि त्या शांततेत यीरोंगच्या मागून, कानाच्या अगदी जवळून, एक आवाज फुटला, इतका मोठा की त्या बुटक्या अंगात तो मावत कसा होता कोण जाणे.

"श्ये चिन-फेंग! श्ये चिन-फेंग! श्ये चिन-फेंग!"

आईचं स्वतःचं नाव. आई उताराच्या माथ्यावर उभी होती, टोपी मागे पडलेली, मान पुढे, आणि पाण्याकडे पाहून आपलंच नाव ओरडत होती. यीरोंग धावत खाली गेली, मुलाला काखेत उचललं आणि वळली. आता ती खाली होती आणि आई वर. नेमकी तशीच. आईचं तोंड उघडत होतं, दात दिसेतो फाकत होतं, मग खालचा ओठ दातांखाली जात होता, पुन्हा उघडत होतं. ते तोंड तिला पाठ होतं. कितीतरी रात्री पाहिलेलं. त्याला आवाज नव्हता असं ती समजत आली होती, आणि आता त्यात आवाज होता, आणि ओठ अगदी तेच होते. तेव्हा आपल्या कानात पाणी होतं, एवढी साधी गोष्ट रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईला इतक्या वर्षांत सुचली नव्हती.

"झालं," वरून लाईकाकूंचा आवाज आला. "आता भावांची पंचाईत. कोवळं घ्यावं की जून?"

कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले, गरज असल्यासारखे. आईने टोपी उचलून झटकली, डोक्यावर घातली आणि घरात गेली.

आत पंखा घरघरत होता. जमिनीवर वेताची चटई. आईने गार केलेलं मुगाचं गोड पाणी तीन वाट्यांत ओतलं. मुलाने वाटी संपवली आणि तिथेच कलंडला, ओठांवर मुगाचं साल तसंच. त्याच्या तळपायाला हिरवा डाग होता. यीरोंगने तो ओल्या फडक्याने पुसला, जाईना, पुन्हा पुसला.

"त्या दिवशीही तू तेच केलंस," ती म्हणाली.

"कोणत्या दिवशी?"

"आई."

"खा ते. पंख्याखाली कोमट होतं."

"मला वाटायचं तू नुसतीच उभी होतीस."

आईने आपल्या वाटीतले मूग चमच्याने एका बाजूला केले. "नुसती कशाला उभी राहीन? मला काय कामं नव्हती?"

"माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेतलं असतं तर आज हे विचारायला असतीस का?"

"आई, त्या म्हाताऱ्याने मला बाहेर काढलं. तो मासे धरायला आला होता."

"तोच कसा आला मग? आणि तेव्हाच कसा आला? मी तिसऱ्यांदा नाव दिलं आणि तो झुडपातून बाहेर आला. तू कॉलेजात शिकलीस, तू सांग."

यीरोंगकडे उत्तर होतं, चांगलं सविस्तर उत्तर होतं, आणि ते देऊन काही होणार नव्हतं. तिला वाटलं होतं की हे असं कळलं तर आतला दगड विरघळेल. आईच्या वाकड्या अंगठ्यावर डोकं टेकावंसं वाटेल. तसं झालं नाही. डोळे भरून आले हे खरं, पण त्याच्या खालोखाल राग उसळून आला. स्वतःला देऊन टाकायला ही बाई क्षणात तयार झाली होती, कोथिंबिरीच्या जुडीसकट. पण पाण्यातल्या पोरीला तू नको होतीस ग, एक हाक हवी होती, इकडे ये एवढी. तुझं नाव ऐकून मी कशी येणार? मला तर तुझं नाव ठाऊकसुद्धा नव्हतं तेव्हा. तू माझ्यासाठी फक्त आई होतीस.

"मग ते आले नाहीत तुला न्यायला?" तिने विचारलं. आवाज हवा त्यापेक्षा कडू निघाला.

"नाही ना आले," आई म्हणाली. "मी कधीची दिलेली आहे. दरवर्षी या महिन्यात वाट बघते, पाण्याच्या बाजूने चालत नाही, वरच्या गल्लीने जाते. त्यांनाही म्हातारी कोणाला हवीय? सांभाळायला लागते." आणि ती आपल्याच बोलण्यावर हसली, खांदे हलवून, मुलगा उठू नये म्हणून तोंडावर हात ठेवून.

"उद्या हा घसरला तर?" यीरोंग म्हणाली. "मी तिकडे असेन. हा तुझ्यासमोर त्या उतारावर असेल. कोणाचं नाव घेशील?"

पंखा एका टोकाला जाऊन अडखळला आणि परत फिरला.

"बोल ना."

"माझंच," आई म्हणाली. तिने खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही.

"तो थांबेल का त्याने? आज कशाने थांबला? काकडी म्हणून थांबला असता?"

"आज थांबला. उद्या ते त्याच नावाने बोलावतील, त्याचं काय?" आई उठली. "नाव तू दिलंयस त्यांना, मी नाही. आता हा महिना सरेपर्यंत मला झोप नाही."

"मग मी त्याला घेऊन जाते."

"ने," आई म्हणाली, आणि कोपऱ्यातली कपड्यांची पिशवी आणून तिच्यासमोर ठेवली. तिची चेन लावलेलीच होती. मग ती बाहेर गेली, नैवेद्याच्या थाळ्यांत अगरबत्त्या खोवायला. प्रत्येक थाळीला एक, म्हणजे ज्याची ती त्याला पोचावी.

यीरोंग पिशवीपाशी बसून राहिली. उचलायची आणि निघायचं, एवढंच. घरी पोचल्यावर बोशेनला समोर बसवायचं आणि सांगायचं की उद्या मी कामावर जात नाही, कारण आई मुलाला काकडी म्हणते. त्याचा चेहरा तिला दिसला. वरिष्ठ बाईंचा गोड आवाज ऐकू आला. मुलगा झोपेत कुशीवर वळला, तोंड किंचित उघडं. हा माणूस कोणत्या हाकेने थांबतो हे जगात फक्त मला ठाऊक आहे, आणि मी उद्या चाचणीनळ्यांपुढे उभी असेन. दारातून आईची पाठ दिसत होती. ती वाकून तसराळ्यातला टॉवेल सारखा करत होती, अगदी निगुतीने, येणारा जो कोणी असेल त्याला उसवलेला कोपरा लागू नये म्हणून. एवढी काळजी घेणारी बाई. अशी आणि एवढी चुकीची. कोणत्या माणसावर मूल सोपवावं, जो योग्य हाक मारेल पण घरात राहून मोबाइल बघेल, की जी रात्रभर जागेल आणि ऐन वेळी भलतंच नाव घेईल? याची काही चाचणी नव्हती. ऊन दारातून सरकत चटईपर्यंत आलं आणि तिने काही ठरवलं नव्हतं, तरी ती उठली तेव्हा तिच्या हातात पिशवी नव्हती.

"झोपलाय तोवर जा," आई दारात म्हणाली. "उठला की रडेल."

"त्या उताराला काहीतरी आडवं लाव. बाक लाव, दोरी बांध."

"बांधते."

"आई, त्याच्या नावाने—"

"बस जाईल तुझी," आई म्हणाली.

भिंतीच्या दरवाज्यातून ती पुन्हा बागेत आली. म्हातारे अजून तिथेच होते, पट फक्त सावलीबरोबर सरकला होता. हात मोकळा असणं तिला विचित्र वाटत होतं. बोटं आपोआप मिटत होती, कोणीच नव्हतं तरी. संध्याकाळचं ऊन तळ्यावर तिरपं पडलं होतं. आता तिला कुठल्या कडा दिसत नव्हत्या, घसरगुंडी नुसती घसरगुंडी होती, आणि हीच गोष्ट तिला जास्त भीतिदायक वाटली. ती नजर आपण तिथेच विसरून आलो आणि इकडे नुसतेच डोळे घेऊन चाललोय असं काहीतरी. बसथांबा समोर दिसत होता. झाडांवरचे किडे एकदम थांबले, आणि त्या पोकळीत, लांबून, भिंतीवरून, ती हाक आली.

"लुओ मिंग-शुआन!"

आईचा आवाज. आडनावासकट. यीरोंगच्या छातीत काहीतरी ऊबदार हललं, घेतलं तिने, नाव घेतलं. आणि ते हलतं न हलतं तोच त्याच जागी बर्फ झाला. का घेतलं? तो तर झोपला होता. असं काय झालं की तिला नाव घ्यावं लागलं? पुन्हा हाक आली, चिरलेली, पहिलीपेक्षा मोठी. कोणाचं उत्तर नाही. यीरोंग धावली. चप्पल एक निघाली ती तिथेच राहिली. बुद्धिबळवाल्यांपैकी कोणी काहीतरी ओरडलं. दरवाजा दूर होता, भिंतीला लागून वर जाणाऱ्या पायऱ्या जवळ होत्या; ती हातापायांवर त्या चढली, तापलेलं सिमेंट पावलाला चटका देत होतं, तिसरी हाक तिच्या तोंडावर येऊन आदळली, आणि ती माथ्यावर पोचली.

खाली टेबलांवरच्या अगरबत्त्या अर्ध्या जळल्या होत्या. उताराच्या तोंडाशी एक बाक आडवा टाकलेला होता. बाकाच्या अलीकडे आई उभी होती, पाण्याकडे तोंड करून, डोळे घट्ट मिटून, मुठी वळून, आणि तिच्या विजारीला धरून, झोपेने केस विस्कटलेला, मुलगा तिच्याकडे मान वर करून पाहत होता.

"मी इथेच आहे ना, आमा!"

"गप रे," आई डोळे न उघडता म्हणाली. "मला ही हाक मारायला येत नाहीये अजून." आणि तिने पुन्हा श्वास घेतला. लाईकाकू दोन्ही कानांवर हात ठेवून आपल्या दारात उभ्या होत्या, पण आत गेल्या नव्हत्या. "लुओ मिंग-शुआन!" आई ओरडली. या वेळी आवाज फाटला नाही. पाण्यावरून तो सरळ गेला, पलीकडच्या काठाला लागला आणि तिथून एकेक अक्षर सुटं होऊन परत आलं.

यीरोंगने खाली हाक मारली नाही. ती भिंतीवर एका चपलेनिशी उभी होती. आता ते नाव साऱ्या नदीला ठाऊक झालं होतं. ती वाट पाहत होती, आई पुढच्या वेळी आणखी मोठ्याने ओरडते का याची.